जावयानं लोखंडाला हात लावू नये

आमच्या गावात धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या हातात सुरी, विळी, कोयता असलं काही देत नाहीत. या महिन्यात जावयानं लोखंडाला हात लावायचा नाही, अशी रीत आहे. रीत फार जुनी आहे, असं बायका सांगतात. मी मात्र ती जन्मताना पाहिली आहे. तासगाव तालुक्यातल्या आमच्या घराच्या सोप्यात, दुपारच्या चहाच्या वेळेला ती जन्मली, आणि ती खरी असल्याची पहिली ग्वाही मीच दिली.

ग्वाही माझ्याकडून घेतली, कारण मी घरातला पहिला पदवीधर. माझ्या आधी आमच्याकडं दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. त्यामुळं विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर जळला, म्हशीनं चारा सोडला, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, की घरात एकच वाक्य निघायचं, "त्येला इचारा, त्यो शिकलाय." मी बी.कॉम. झालो. आमच्या अभ्यासक्रमात म्हैस नव्हती. पण हे कुणाला सांगवत नसे. ज्यांनी पोटाला चिमटा काढून मला शिकवलं, त्यांना त्या शिकण्याचा उपयोग डोळ्यांना दिसावा, असं मलाही वाटायचं. मग मी म्हशीजवळ जाऊन थोडा वेळ गंभीरपणे उभा राहायचो. म्हैस बहुधा आपली आपणच बरी व्हायची आणि श्रेय विद्यापीठाला जायचं.

त्या वर्षी अधिक महिना श्रावणात आला होता. अधिक महिन्यालाच आमच्याकडं धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावई म्हणजे साक्षात लक्ष्मी-नारायण. त्यांना घरी बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करून जेवू घालायचं, ताटभर अनारसे, दिवा, कपडे आणि नारळ द्यायचा. हा मान तीन वर्षांतून एकदा येतो, त्यामुळं तीन वर्षांचा साठलेला आदर एका दिवसात उरकावा लागतो. मी सांगलीत नोकरीला. मलाही सुट्टी काढून येण्याचा हुकूम झाला.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, साताऱ्याचे. तिथल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. दुसऱ्यांनी केलेल्या मालातली खोट शोधून काढणं हेच त्यांचं काम. माणूस मनानं फार चांगला, पण कुठंही गेला तरी वस्तू उचलून उजेडात धरून बघायची सवय. पहिल्यांदा आमच्याकडं आले तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या असा बघितला, की आईनं तो पुढं वर्षभर वापरला नाही.

आता चाकूबद्दल सांगतो. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक घडीचा चाकू आहे. लाकडी मूठ, मधल्या बोटाएवढं पातं, मिटला की सदऱ्याच्या खिशात मावतो. नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, फौजेत होते. त्यांनी एकदा सुट्टीवर येताना तो आणला. त्याच चाकूनं आप्पांनी आमच्या द्राक्षबागेची कलमं केली, आणि त्या बागेवर माझं कॉलेज झालं. माझी पदवी त्या बोटभर पात्यातून निघालेली आहे, असं मी समजतो.

कलम करायचं म्हणजे आधी जंगली द्राक्षाचा खुंट लावायचा. तो पेन्सिलीएवढा जाड झाला, की वरून छाटून मधोमध चिरायचा. मग चांगल्या बागेतून आणलेली काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी गच्च बांधायची. सगळी करामत त्या पाचरीत असते. तिच्या दोन्ही अंगांचा काप काचेसारखा पाहिजे. पात्याला बारीक खाच असली, तर कापावर रेघ उठते, त्या जागी काडी आणि खुंट एकमेकांना टेकत नाहीत, आणि काडी वाळून जाते.

आमची जुनी बाग म्हातारी झाली म्हणून आदल्या वर्षी काढली होती. नवे खुंट तयार झाले होते. आजकाल कलमं करायला टोळ्या येतात, आमच्याकडंही येणार होती. आप्पांचं म्हणणं एवढंच, की पयली ओळ माझी. माझ्या चाकूनं. ही बाग म्हातारी होईल तेव्हा पुढची लावायला आपण असू की नसू, हे त्यांच्या मनात असणार. ते तसं कधी बोलले नाहीत, पण काड्या कधी येणार हे त्यांनी आईला इतक्या वेळा सांगितलं, की आईनं शेवटी "व्हय, आपल्या लग्नातबी एवढी घाई न्हवती तुमास्नी" असं ऐकवलं.

रविवारी धोंड्याचं जेवण होतं. काड्या सोमवारी संध्याकाळी येणार आणि मंगळवारी कलमं. सगळं जुळलं होतं.

जेवण झालं. दाजींना पाटावर बसवून ओवाळलं, नारळ हातात दिला. तो नारळ जावयानं कपाळाला लावून घरी न्यायचा असतो. पण दाजींनी तो कानाजवळ धरून हलवला, उजेडात फिरवला आणि म्हणाले, "मामा, तुम्ही लोक नारळ दगडावर का आपटता? निम्मं पाणी वाया जातं. टेक्निक पाहिजे फक्त. चाकू आहे का?"

आप्पांनी खिशातून चाकू काढून दिला. धोंड्याच्या महिन्यात नारायणानं मागितलं आणि दिलं नाही असं कसं होईल? दाजींनी करवंटीच्या डोळ्यात टोक घातलं, पातं आत सरकवलं आणि पिळलं. टक् असा आवाज झाला. नारळ तसाच राहिला. पात्याच्या मधोमध, धारेवर, तिळाएवढा टवका उडाला होता.

दाजी पात्याकडं बघत होते आणि आम्ही सगळे दाजींकडं न बघण्याचा प्रयत्न करत होतो. आप्पांनी चाकू हातात घेतला, अंगठ्याचं नख धारेवरून फिरवलं. नख अडकलं. मग ते हसले. ते हसणं मी आधी एकदाच पाहिलं होतं, गारपिटीनंतर पंचनाम्याला साहेब आले होते तेव्हा.

"काय न्हाई वो पावनं," आप्पा म्हणाले, "ह्यो टवका जुनाच हाय."

"जुना?" नाना ताठ झाले. "आरं, सकाळीच मी ह्येनं सुपारी..."

"भावजी, चहा घ्या," आई म्हणाली.

"आत्ताच जेवलोय की, वयनी."

"घ्या म्हंते न्हवं का!"

नानांनी चहा घेतला.

जावयाला अपराधी वाटू नये म्हणून बोललेलं ते एक खोटं वाक्य. पण चूक तिथंच झाली. टवका दाजींचा असता, तर दाजी ओशाळले असते, चाकू परत गेला असता आणि आप्पांनी तो गुपचूप धार लावून घेतला असता. टवका जुना म्हटल्यावर तो घरचा दोष झाला. आणि घरचा दोष दिसल्यावर क्वालिटीचा माणूस गप्प कसा बसेल?

"मग इतके दिवस असाच वापरताय, मामा?" दाजींचा चेहरा खुलला. "द्या इकडं. मी करून देतो. आमचं रोजचंच काम आहे."

"असू द्या की, पावनं. तुमी कशाला तरास..."

"त्रास कसला? उद्या रजा टाकतो मी!"

त्यांनी तिथंच फोन करून रजा टाकली. आईनं आत जाऊन पुन्हा डाळ भिजत घातली.

सोमवारी सकाळी दाजी कामाला बसले. मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला. त्यात परदेशातला एक दाढीवाला माणूस चाकूला धार लावत होता. तो काय बोलतो ते दाजींनाही नीट कळत नव्हतं, म्हणून ते मधेच मला विचारायचे, "मेहुणे, काय म्हणतोय?" मी म्हणायचो, "हळू हळू घासा म्हणतोय." बाकीचं मलाही कळत नव्हतं, पण एवढा सल्ला कुठंही चालतो.

मग त्यांना कोन मोजायला काहीतरी हवं झालं. मग पॉलिश पेपर. तो चिकटवायला सपाट फरशी. मग दाढीवाल्यानं कप उपडा करून त्याच्या बुडाच्या खरबरीत कडेवर पातं घासून दाखवलं, तेव्हा आमच्या घरातले सगळे कप ओळीनं उपडे झाले. दाजींनी प्रत्येकाचं बूड उजेडात धरून तपासलं आणि पाहुण्यांसाठीच्या सेटमधला एक निवडला. तो सेट आईनं दाजींसाठीच ठेवलेला होता, त्यामुळं तक्रारीला जागा नव्हती.

आप्पा अंगणात येरझारा घालत होते. त्यांचा धारेचा दगड मोरीशेजारी, नेहमीच्या जागी होता. त्यांनी तो हातानं सरकवून दाजींना दिसेल असा ठेवला. दाजींनी त्याच्यावर मोबाईलचा चार्जर ठेवला.

गावात बातमी गेली होतीच. जो येईल त्याला आप्पांना सांगावं लागत होतं, "जावई चाकू दुरुस्त करून देत्यात."

"लय गुणाचा जावई गावला गड्या तुला," येणारा म्हणायचा. "आमचा नुसता जेवतोय आन् झोपतोय."

"नशीब लागतंय," आप्पा म्हणायचे. त्या वेळी त्यांच्या आवाजात मला खराखुरा हेवा ऐकू यायचा.

दुपारपर्यंत पात्याच्या दोन्ही अंगांवर ओरखडेच ओरखडे झाले. धार होती तीही गोल झाली. टवका मात्र आहे तिथंच होता. नाना वाकून बघत म्हणाले, "शाब्बास जवान! सगळं बदललं, फकस्त टवका तेवढा जाग्यावर हाय."

"भावजी, चहा," आतून आवाज आला.

दाजी उठून उभे राहिले. कपाळावर घाम होता. "हातानं नाही व्हायचं. मटेरियल जास्त काढायला लागतंय. विट्याच्या रस्त्याला एक फॅब्रिकेशनचं दुकान बघितलंय मी येताना. ग्राइंडर असणारच. दोन मिनिटांत उडवून आणतो."

आप्पा जागच्या जागी थांबले. ग्राइंडरचं चाक जोरात फिरतं. त्यावर पातळ पातं धरलं, की ठिणग्या उडतात, धार तापून निळी पडते आणि पात्याचं पाणी उतरतं. मग ते नुसतं पत्र्याचं उरतं. पुढं कितीही घासा, धार टिकत नाही. हे आप्पांना माहीत होतं, नानांना माहीत होतं, ऐकून ऐकून मलाही माहीत होतं. आणि सांगणार कोण, म्हणून सगळे एकमेकांकडं बघत होतो. ताईनं मला खांबाआड ओढलं.

"आप्पांचं तोंड बघ की रं. कायतरी बोल. तू शिकलाईस."

"तुझा नवरा आहे. तू बोल."

"मी बोलले तर साताऱ्यापतोर गाडीत ऐकून घ्यायला लागंल!"

दाजींनी गाडीची किल्ली घेतली. चाकू मिटून खिशात टाकला. संध्याकाळी काड्या येणार होत्या, ओल्या पोत्यात गुंडाळून. पोत्यातल्या काड्या फार दिवस वाट बघत नाहीत. आप्पा उंबऱ्यापर्यंत आले. तोंड उघडलं आणि म्हणाले, "पावनं... सावकाश जावा."

तेवढ्यात आई बाहेर आली. हातात पळी तशीच होती.

"जावईबापू, लोखंड हाय का तुमच्या हातात?"

"चाकू आहे, मामी."

"आगं बाई!" आईनं पळी कपाळाला लावली. "आन् सकाळधरनं घासताय त्येला? धोंड्याच्या म्हयन्यात जावयानं लोखंडाला हात लावायचा न्हाई! मी आपली सैपाकात. मला वाटलं, नुसतं बघत बसलाय."

माझी आई चाळीस वर्षं या घरात आहे. ही रीत मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. आप्पाही. पण आप्पांनी क्षणभरसुद्धा वाया घालवला नाही. "व्हय की!" ते म्हणाले. "आमी तरी कसं इसरलो?"

"पण काल नारळ..." दाजी म्हणाले.

"म्हणून तर फुटला न्हाई त्यो!" आई म्हणाली.

दाजींनी माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. "मेहुणे, तुम्ही शिकलेले. खरंच आहे असं?"

माझ्या शिक्षणाचा एवढा मोठा उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही. मी बी.कॉम.ची तिन्ही वर्षं डोळ्यांसमोर आणली आणि म्हणालो, "आहे."

"कुठं आहे?"

"आपल्या भागात आहे."

दाजींचं समाधान झालं नाही. क्वालिटीचा माणूस एका नमुन्यावर माल पास करत नाही. त्यांनी साताऱ्याला त्यांच्या आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आता सगळं उघडं पडणार म्हणून मी भिंतीला टेकलो. आई पळीकडं बघत राहिली.

"आई, धोंड्याच्या महिन्यात जावयानं लोखंडाला हात लावायचा नसतो का गं?"

पलीकडं कुणीतरी घसा खाकरला. मग विहीणबाईंचा आवाज आला. "नसतोच की! आमच्याकडं तर कधीपासून आहे हे. का? तू लावलास?"

"अगं, चाकू..."

"काय म्हणावं तुला! एवढं वळण लावलं आणि सासुरवाडीत जाऊन शोभा केलीस ना माझी? ठेव तो खाली आधी!"

दाजींनी चाकू खाली ठेवला. व्याह्यांच्या घरची रीत आपल्याला ठाऊक नाही, असं भर स्पीकरवर कबूल करणारी बाई साताऱ्यातही नाही आणि सांगलीतही नाही. आईला हे आधीपासून पक्कं माहीत होतं, का तीसुद्धा भीतीनं पळी घट्ट धरून उभी होती, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.

आप्पांनी दगडावरचा चार्जर अलगद बाजूला ठेवला. पाण्याचा हबका मारला आणि बसले. दाजीही समोर बसले, दोन्ही हात मांडीवर, लोखंडापासून लांब.

आप्पांनी आधी पातं दगडावर उभं धरलं आणि धारच घासून टाकायला लागले. दाजी दचकले. "मामा, धार चालली की सगळी!"

"जाऊ द्या. टवक्याच्या बुडापतोर आख्खी धार खाली आली पायजे. मग नवी."

बराच वेळ ते तसेच घासत राहिले. मधेच दम लागायचा, मग पातं बघायचे, पुटपुटायचे. डोळ्यांना पूर्वीसारखं दिसत नव्हतं. शेवटी म्हणाले, "गेला. चला आता."

"नाही गेला, मामा," दाजी म्हणाले. "पातं उन्हाकडं धरा. थोडं वाकडं करा. हां. बघा, एका जागी चमकतंय. तिथं आहे अजून."

आप्पांनी डोळे बारीक केले. "मला न्हाई दिसत."

"मला दिसतंय. केसाएवढा आहे."

आप्पांनी पुन्हा घासलं. पुन्हा पातं उन्हाकडं धरलं. दाजी मान हलवायचे, नाही म्हणायचे, आप्पा परत घासायचे. रोज दुसऱ्यांचा माल परत पाठवणारा माणूस आणि कुणाचं न ऐकणारा म्हातारा समोरासमोर बसले होते, आणि कुणीही कुणाला पावनं-बिवनं म्हणत नव्हतं. नाना चहाशिवाय गप्प होते.

"आता?"

"आता गेला," दाजी म्हणाले.

मग आप्पांनी पातं आडवं केलं आणि एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, हलक्या हातानं धार लावली. शेवटी नानांचा फौजेतला जुना चामडी पट्टा खिळ्याला अडकवून त्यावर पातं पुसल्यासारखं वर-खाली केलं. मनगटावरचे चार केस उडवून बघितले आणि मग चाकू मिटला. पातं सूतभर अरुंद झालं होतं. दाजींचे ओरखडे तसेच होते. ते घालवायचे म्हणजे पातंच घालवावं लागलं असतं.

काड्या संध्याकाळी आल्या. मंगळवारी सकाळी आप्पा पहिल्या ओळीत गुडघे टेकून बसले. दाजी रजा वाढवून थांबले होते, पण बांधावर अवघडून उभे होते, हात मागं बांधून. आप्पांनी पहिली काडी तासली, उन्हाकडं धरली आणि न बघताच मागं म्हणाले, "दिसतीय का रेघ कुठं?"

"नाही, मामा."

"मग या की हिकडं. पट्टी पलास्टिकची हाय. त्येला काय हुतंय?"

ती ओळ आप्पांनी कापली आणि दाजींनी बांधली. पंधरवड्यानं काड्यांचे डोळे फुगले, मग कोंब आले. काही वाळल्या, तशा टोळीच्याही वाळल्या. पण पहिली ओळ हिरवी झाली. आप्पा संध्याकाळी तिच्याकडं जाऊन उभे राहायचे, जसा मी म्हशीजवळ राहायचो.

यंदा अधिक महिना ज्येष्ठात आला. आमच्या गल्लीत कुणाचाही जावई आला, की विळ्या-सुऱ्या आत जात होत्या. शेजारच्या काकूंनी मला थांबवून विचारलं, "स्टीलचा चमचा चालतोय का रं? तू शिकलाईस." मी चालतो म्हणालो. जेवायला काहीतरी लागणारच.

दाजी आणि ताई आले. पाटावर बसताना दाजींनी ताईकडं बोट केलं. "मामा, तुमच्यासाठी एक वस्तू आणलीय. हिच्याकडं दिलीय. लोखंड आहे ना, म्हणून." हे बोलताना ते आईकडं बघत होते आणि त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. आईनं पदर तोंडाला लावला आणि चहा टाकायला आत गेली, तोही नाना घरात नसताना.

ताईनं पुडकं उघडलं. कलमाचा नवा चाकू होता, घडीचा, चांगल्या पोलादाचा. आप्पांनी तो उघडला, उन्हाकडं धरला, धारेवरून नख फिरवलं. "लय झ्याक हाय," म्हणाले आणि मिटून देव्हाऱ्याशेजारी ठेवला.

"वापरणार नाही का, मामा?"

"वापरू की. ह्यो झिजला की."

त्यांनी खिशातून जुना काढला. टोपलीतला एक आंबा उचलला, दाजींसाठी कापला. पात्यावरचे ते ओरखडे अजून तसेच आहेत. दाजींनी फोड हातात घेतली, सवयीनं उजेडात धरली, आणि न बोलता खाल्ली.